समुद्र कुठल्या अंगाला वाहतो

आमच्या गावात बियाण्याच्या शेंगा फोडण्याची एक रीत होती, आणि माझं सासरचं सगळं सुख त्या रीतीवर उभं होतं.

मिरगाच्या आधी, वैशाखातल्या टळटळीत दुपारी, गल्लीतल्या बायका आमच्या घरापुढच्या सोप्यावर जमायच्या आणि पेरणीसाठी राखलेल्या भुईमुगाच्या शेंगा फोडायच्या. बियाण्याचा दाणा दुभंगता कामा नये, वरचं तांबडं साल खरवडता कामा नये, म्हणून दगड चालत नसे, बत्ता चालत नसे. नुसता अंगठा. नखाखालचं कातडं सोलवटून निघायचं आणि मग आमटीत बोट बुडवलं तरी डोळ्यांत पाणी यायचं. पण जमलेल्या बायकांत जी पोथी वाचील तिला शेंगांना हात लावावा लागत नसे. तिच्या वाटणीचा ढीग बाकीच्या आपापसांत वाटून घेत. पोथीला लागणारे हात धुळीचे असू नयेत, हा त्यामागचा धर्म. मी साताऱ्याहून सून होऊन आले ती मराठी सातवी पास होऊन. आल्या वर्षीच मी पोथीच्या जागी कादंबरी नेऊन बसवली. पुस्तक बदललं, धर्म मी बदलू दिला नाही.

गाव कृष्णाकाठी, वाळव्याच्या बाजूला. आमचे हे आठवड्याला गुळाच्या गाड्या घेऊन सांगलीला जात. तिथला अडत्या वाचनालयाचा वर्गणीदार होता, पण त्याला वाचनाची आवड नव्हती. त्यामुळे त्याच्या नावावरची पुस्तकं आमच्या गाडीतून गावी येत. निवड यांची. "जाड बघून आणलंय," असं म्हणत ते पुस्तक माझ्या हातात देत, जणू भोपळाच आणलाय.

त्या वर्षी जे जाड पुस्तक आलं त्याच्या पुठ्ठ्यावर माडाचं झाड होतं आणि झाडाला टेकून एक मुलगी उभी होती. कोकणातल्या एका लहानशा बंदराच्या गावची गोष्ट. मुलीचा बाप जकातनाक्यावर कारकून. मुलगा शिडाच्या पडावावर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या. दोघांचं प्रेम. मग मुलगा पडाव घेऊन लांबच्या मुलखाला जातो आणि ती रोज संध्याकाळी वाळूत येऊन वाट बघते. एवढीच गोष्ट, पण भरपूर लांबवलेली.

आणि मी ती काय वाचत असे! जकातनाक्यावरच्या बापाचा आवाज मी पोटातून काढायची, मुलीचा नाकातून. लाटा हव्या असल्या की टरफलांनी भरलेलं सूप आत्तींच्या हातात द्यायची. त्या ते असं काही हलवायच्या की सोप्यावर खरोखर पाणी येतंय असं वाटावं. आत्ती म्हणजे माझ्या सासऱ्यांची बहीण. लहानपणी विधवा होऊन भावाकडे आलेल्या, आणि तेव्हापासून भावासकट सगळ्या गल्लीवर राज्य करणाऱ्या. वाचन संपलं की पहिलं मत त्यांचं.

"पोरीला काम न्हाई," त्या म्हणाल्या. "रोज सांजचं जाऊन हुबी ऱ्हाती. घरात धारा कोन काढतंय? चार पोती शेंगा टाका म्हनावं तिच्या म्होरं. मग बगू कुठलं पिरेम हुतंय."

दुसरं मत तांबोळ्यांच्या भाभीचं. ती पानाच्या दुकानावरून उठून यायची ती सगळ्या बायकांना पान घेऊनच. तिचा थोरला पलटणीत मोटार चालवत होता. "लडका अच्छा है," ती म्हणाली, "पन तोंड उघडत न्हाई. जाताना दोन अक्षरं बोलला असता तर किताब तितंच खतम!"

इतकी नेमकी टीका मी पुढे कुठल्या मासिकातही वाचली नाही.

अडचण फक्त समुद्राची होती. सोप्यावर बसलेल्या एकीनंही समुद्र पाहिला नव्हता. मीसुद्धा. भूगोलात तो निळा असतो एवढं कळलं होतं. पण वाचणारीनं "मला माहीत नाही" म्हटलं की संपलं, हे मला पक्कं ठाऊक होतं. तेव्हा मी सांगितलं, "कृष्णेसारखाच असतो. फक्त पलीकडचा काठ दिसत नाही."

"असं व्हय," भाभी म्हणाली. "मंग वाहतो कुठल्या अंगाला?"

मी मनात हिशेब केला. आपली कृष्णा शेवटी समुद्राला मिळते. अशा सगळ्या नद्यांचं आलेलं पाणी पुढं जायलाच हवं, नाहीतर तुंबेल. "दक्षिणेला," मी म्हणाले.

झालं. तिथून पुढं कादंबरीचा अर्थच पालटला. आमच्याकडे नाव खाली सोडायला काही लागत नाही, पण वर आणायची तर काठावरून दोर लावून माणसं ओढतात. हा पोरगा तर धारेबरोबर खाली गेलेला. समुद्राच्या काठानं दोर ओढायला माणसं आणणार कुठून? आत्तींनी सूप खाली ठेवलं. "म्हंजे गेला त्यो गेलाच," त्या म्हणाल्या. ते लढाईचे दिवस होते. निम्म्या घरांतले पुरुष बोटीत बसून कुठल्या कुठल्या मुलखात गेले होते.

तेवढ्यात दाराजवळून एक आवाज आला.

"नाय गो. दर्या वाहात नाय."

बोलली ती शेजारच्या घरातली नवी सून. तिच्या नवऱ्याचा पलटणीतला दोस्त कोकणातला. सुट्टीवर दोघं मिळून दोस्ताच्या घरी गेले, तिथं दोस्ताची बहीण पसंत पडली, लग्न लागलं, आणि हळद निघायच्या आत नवरा परत लढाईवर गेला. सासरी सगळे तिला कोकणीण म्हणत. केसांत अबोलीचा वळेसर, बोलण्यात हेल, आणि बसणं असं की जणू तिच्यासाठीच सोपा सारवलाय.

"वाहात न्हाई तर काय करतोय?" आत्तींनी विचारलं.

"जागच्या जागी असतो. जातो नि येतो. जे नेलं ते परत आणून टाकतो. नारळ गेला, नारळ आणतो. आमच्या काकाची वहाण गेली, दुसऱ्या दिवशी वहाण दारात."

"आनि मानूस?" भाभीनं विचारलं. तिच्या हातातली शेंग तशीच राहिली होती.

कोकणीणीनं केसांतला वळेसर चाचपला. "माणूस पण," ती म्हणाली.

सोप्यावरच्या सगळ्या बायका सरकून तिच्याकडे वळल्या. पाठीच पाठी! माझ्या हातात उघडं पुस्तक, नाकात मुलीचा आवाज तयार, आणि समोर सगळ्यांचे अंबाडे. ती ते का म्हणाली हे मला तेव्हाच कळलं होतं. सगळ्यांना कळलं होतं. म्हणून तर मी जास्त जळले. नुसता शहाणपणा करत असती तर मी तिला एका वाक्यात झोपवली असती. पण जिचा नवरा समुद्रापलीकडे आहे, तिच्याशी समुद्रावरून वाद कसा घालायचा?

दुसऱ्या दिवशी ती आमसुलं घेऊन आली. सगळ्यांना एकेक. मी वाचायला लागले तर सोप्यावर नुसता चुटूचुटू आवाज. त्यात दर ओळीला कुणी ना कुणी तिला विचारणार, "असं असतंय का गं?" आणि ती सांगणार. काय एकेक सांगायची! त्यांच्याकडे वाराच इतका खारा की भातात मीठ घालावं लागत नाही. आगबोटीचा भोंगा वाजला की म्हशी पान्हा सोडतात. भाभी "या अल्ला!" म्हणून गालावर हात ठेवायची. मी भोंग्याचा आवाज काढून दाखवला तर कुणी पाहिलंसुद्धा नाही.

आणि कादंबरीबद्दलची तिची मतं! "केस मोकळे सोडून वाळूत बसते? त्या वाऱ्यात? आठवडा जाईल गुंता काढायला." किंवा, "होडीत उभा राहून गाणं म्हणतो होय? मग वल्ही कोण मारतं, हिचा बाप?" सगळ्यात वाईट म्हणजे, "पुस्तकात मासळीचा वास नाय. बंदरावरची गोष्ट नि वास नाय? लिहिणारा पुण्यात बसलेला असणार." आत्ती अशा हसल्या की त्यांच्या हातातलं सूप कलंडलं. माझ्या वाचनावर त्या तशा कधी हसल्या नव्हत्या.

मग एका दुपारी ती आगबोटीतून माणसं होडीत कशी उतरतात ते सांगत होती. सांगणं काही संपेना. मी बोट घालून पान धरून बसले होते. आत्तींनी माझ्याकडे पाहिलं आणि एक टोपली माझ्यापुढे सरकवली.

"सातारकरीण, हात मोकळं हैत तुजं. तवर फोड जरा."

मी, सातवी पास, शेंगा फोडू लागले.

त्या संध्याकाळी हे सांगलीहून आले. नेहमीच्या वेळी. हात-पाय धुतले, तांब्याभर पाणी प्यायले, गुळाचा भाव सांगितला. मी बघत राहिले. गल्लीतल्या प्रत्येकीचा कुणीतरी लांब गेलेला. भाभीचा मुलगा लांब, कोकणीणीचा नवरा तर कुठल्या वाळवंटात. पुस्तकातल्या कारकुनाच्या मुलीचासुद्धा माणूस लांब. माझाच तेवढा दर आठवड्याला परत येणारा.

"तुम्ही कधी लांब जात नाही," मी म्हणाले.

"सांगली जवळ हाय व्हय?"

"लगेच परत येता."

"मग येऊ नगो?"

"तसं नव्हे हो. पण माणसानं जरा उशिरा यावं. वाट तरी बघू द्यावी."

यांनी पुष्कळ विचार केलेला दिसला. पुढच्या आठवड्यात ते दिवे लागल्यावर आले. बैलं विसावलेली, यांच्या पाठीला गवताच्या काड्या चिकटलेल्या. "येळेवरच आलो हुतो," ते म्हणाले, "पन म्हटलं तू वाट बगत असशील. म्हनून वेशीच्या वडाखाली पडून ऱ्हायलो." आणि माझ्या तोंडाकडे आशेनं बघत उभे राहिले. मला कसं सांगावं कळेना. दिवसभर मी कोकणीणीवर इतकी धुमसत होते की हे आले नाहीत हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

धुमसत होते, पण हाती एक हुकमी पान होतं. शेवटचं प्रकरण मी आधीच वाचलं होतं, आणि शेवटच्या प्रकरणात तो बुडत होता! श्रावणातलं वादळ, फाटलेलं शीड, उलटलेला पडाव. जातो नि येतो म्हणे! छापील पुस्तकात बुडालेला माणूस काही परत येत नाही. ते वाचून मी माझी जागा परत घेणार होते.

त्या दुपारी मी माझ्या आयुष्यातलं सर्वांत उत्तम वाचन केलं. वीज चमकली तेव्हा मी पितळी ताट उन्हात फिरवलं. वारा मी स्वतः झाले. आत्तींनी सूप हलवायला सुरुवात केली ती हळू, मग जोरात, मग उभं राहून. पडाव उलटला तेव्हा सूपही उलटलं आणि टरफलांची लाट सगळ्यांच्या अंगावर गेली. शेवटची ओळ मी इतक्या खाली आवाजात वाचली की गोठ्यातल्या म्हशीचं रवंथ ऐकू आलं. मान वर केली. भाभीचा पदर डोळ्यांना. आत्ती खाली बसलेल्या, तोंड पडलेलं. आणि माझ्या छातीत ढोल वाजत होते.

"महिना कुठला म्हणालीस?" कोकणीणीनं विचारलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज शाबूत होता.

"श्रावण."

"नारळी पुनवेच्या आधी की नंतर?"

मी पान उलटून पाहिलं. आदल्याच परिच्छेदात ती मुलगी नागपंचमीच्या झोपाळ्यावर बसली होती. "आधी," मला म्हणावं लागलं.

"मग तो बुडाला नाय."

"बुडाला! हे काय इथं."

"अगो, पडाव पाण्यातच नव्हता तर बुडेल कुठून?" आता तिचा हेल वर चढला. "पावसाळ्यात पडाव वर ओढून माडाच्या झापांनी शाकारतात. पुनवेला दर्याला नारळ दिल्याशिवाय पाण्यात घालीत नाय कुणी. तुझा तांडेल तिकडच्या बंदरात बसून जाळी विणत असणार. नि लिहिणारा इकडे बुडवतोय त्याला!"

मग भाभी टाळी वाजवून ओरडली, "जिता है!" आणि सोप्यावर अशी दंगल उडाली की वाटेनं जाणारे दोघंजण थांबून बघायला लागले.

"छापलंय!" मी ओरडले. "छापलंय ते!"

"छापलंय तर छापलंय," आत्ती म्हणाल्या. "छापनारा काय द्येव लागून गेला? त्यानं नाव तरी बगितलीया का कवा?"

मतदान झालं. तांडेल जिवंत ठरला. मी वाचणारीच्या घोंगडीवरून उठले, किंवा मला उठवलं, आणि कोकणीणीला तिथं बसवलं. "बुडवनारीनं आता फोडाव्या," म्हणून आत्तींनी भरली टोपली माझ्या मांडीशी ठेवली. "सांग गं पोरी, फुडं काय झालं?"

कोकणीण घोंगडीवर बसली. पदर सारखा केला. सगळ्या माना पुढे.

"पुनव झाली," ती म्हणाली. "पडाव पाण्यात घातला. तो आला."

"मंग?"

"मग लग्न झालं."

"आनि मंग?"

तिनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. "मग काय? संपलं."

सोप्यावर शेंगा फुटण्याचा आवाज तेवढा राहिला. अजून कितीतरी पोती भिंतीला रचलेली होती. ऊन दारापर्यंत आलेलं. कोकणीणीला समुद्राचं सगळं माहीत होतं, पण गोष्टीला वाटेत थांबवायचं कसं हे तिला ठाऊक नव्हतं. ती माणसाला सरळ घरी आणायची. आत्तींची मान लवू लागली. मी मान खाली घालून एकेक शेंग अगदी मन लावून फोडत होते. इतकं गोड काम मी जन्मात केलं नव्हतं.

शेवटी भाभीच म्हणाली, "आवं सातारकरीणबाई, तुमी सांगा की."

"मी? मी तर बुडवलंय त्याला."

"मंग काडा की वर!"

मी अंगठ्याकडे निरखून पाहिलं. फुंकर मारली. कुणाला तरी दया येईपर्यंत मारली. कोकणीण आपण होऊन घोंगडीवरून उठली आणि माझ्या टोपलीपाशी बसली. मी जागेवर गेले.

पुस्तक गाडीतून सांगलीला परत गेलं, पण त्याची आता कुणाला गरज नव्हती. मी तांडेलाला जिवंत केला आणि पुनवेच्या नारळासकट समुद्रात सोडला. पण परत आणते कशाला! पहिल्या बंदरात त्याला हिवताप आणला. दुसऱ्या बंदरात जकातवाल्यांनी धरला. एका बंदरात एका मालदार विधवेनं त्याला जेवायला बोलावलं, तेव्हा आत्तींनी शिवी दिली.

"आण की गो त्याला आता," कोकणीण म्हणायची.

"कसा आणू? वारा पडलाय. तूच म्हणाली होतीस ना, वाऱ्याशिवाय शीड हलत नाही?"

तिचाच समुद्र घेऊन मी तिलाच अडवत होते. ती ओठ चावायची आणि शेंगा फोडायची. लवकरच माझ्या ध्यानात आलं की ती सगळ्यांपेक्षा भरभर फोडतेय. आपल्या वाटणीच्या, माझ्या वाटणीच्या, आत्तींच्या. मला कारण कळलं. पोती संपली की गोष्ट संपवावी लागेल, हे तिनं ओळखलं होतं. अंगठ्याला तिनं चिंधी बांधली होती आणि तरी थांबत नव्हती.

मी अजून एक वादळ टाकलं. नाही असं नाही.

मग शेवटचं पोतं झटकलं आणि मला त्याला आणावाच लागला. कसा आणला म्हणून सांगू! आधी नुसता एक पांढरा ठिपका. मग शीड. ती मुलगी वाळूतून धावते, वहाणा मागे राहतात, पाणी गुडघ्यापर्यंत येतं. तो पडावातून उडी टाकतो, आणि मी स्वतः सोप्याच्या पायरीवरून उडी टाकली. पाय मुरगळला तरी वाक्य सोडलं नाही. "आलो गं," तो म्हणतो. बस्स. टाळ्यांसाठी मी मान वर केली.

एकही बाई माझ्याकडे बघत नव्हती. सगळ्या तिच्याकडे. भाभीनं तिला कुशीत घेतलं होतं, आत्ती तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या, आणि ती हुंदके देऊन रडत हसत होती. समुद्र मी आणला, पडाव मी आणला, माणूस मी आणला, पाय माझा मुरगळला, आणि कौतुक बघा कुणाचं चाललं होतं! मी लंगडत आत गेले. कुणी विचारलंसुद्धा नाही.

लढाई संपल्यावर तिचा नवरा खराच आला. तेव्हा नेमकी मी साताऱ्याला माहेरी होते. म्हणजे तोही प्रवेश माझा हुकला. परत आले तेव्हा आत्तींना खोदून खोदून विचारलं, कसा आला, काय म्हणाला, ती धावली का.

आत्तींनी तोंड वाकडं केलं. "काय न्हाई गं. मोटारीतनं उतरला, कुनाकडं तरी बिडी मागितली, आनि घरात गेला. तुजा तांडेल लय चांगला आला हुता."

भिंतीपलीकडून, शेजारच्या चुलीपासून, एकदम कोकणीणीचा आवाज चढला, "काय नाय हां आत्ती! माझाच चांगला आला! तुम्ही नीट बघितला नाय!"

ती जळत होती. काय गोड वाटलं म्हणून सांगू!